गुणाजीच्या कापसाला पाणी

दख्खनच्या कोरड्या मुलखात कापसाला पाणी किती द्यावं, हे आमच्या साहेबाला ठाण्यात बसून ठरवायचं होतं. जिथं चार महिने पाऊस धोतर वाळू देत नाही, त्या ठाण्यात! पण साहेबाला सांगणार कोण? तिकडे कालवा खणायचा घाट चालला होता, कालव्याचं पाणी कापसाला कितव्या दिवशी सोडायचं ते वर कळवायचं होतं, आणि मडमेला खाडीचा वारा मानवल्यामुळे साहेबाला ठाणं सोडवत नव्हतं. तेव्हा दसऱ्यानंतरचे कोरडे महिने धरून प्रयोग इथंच करायचं ठरलं. सन १८७४ ची ही गोष्ट. मी, गोपीनाथ, त्या वेळी कचेरीत कारकून होतो. इंग्रजी बरं, अक्षर त्याहून बरं, आणि घराणं ठाण्यातलं जुनं, लिहितं-वाचतं. प्रयोग माझ्याकडे आला.

जागा ठाण्याजवळच कोलशेताला सापडली. खाडीकाठची सगळी जमीन खारी, विहिरी मचूळ, फक्त एका तुकड्यात गोडं पाणी. तो तुकडा गुणाजीचा. विहीर त्याच्या बापानं खणलेली, आणि अर्ध्या गावच्या बायका तिथं पाणी भरत. गुणाजी पावसाळ्यात भात लावी, एरवी मिठागरात राबे, आणि भात निघाल्यावर घरच्या गोधड्यांपुरता थोडा कापूस करी. जमीन मात्र एकसाली, म्हणजे दर साल सरकारच्या मर्जीवर. सरकारनं नको म्हटलं की चंबूगबाळं उचलायचं.

साहेबाला शर्यतीचा भारी नाद. त्यानं जमीन सरळ काढून घेतली नाही. शेताच्या मधोमध दोरी बांधली आणि मुनशीकडून शिकलेल्या शुद्ध मराठीत गुणाजीला सांगितलं, "या अर्ध्या भागात गोपीनाथ नव्या रीतीने कापूस करील. त्या अर्ध्या भागात तू तुझ्या रीतीने कर. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वजन करू. तुझा कापूस अधिक भरला, तर जमीन आणि विहीर कायमची तुझ्या नावे. गोपीनाथचा अधिक भरला, तर दोन्ही सरकारी बागेची." मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला की बाग झालीच तर तिचा मुख्य तू.

गुणाजी खाली बसला, जमिनीला हात लावला आणि तो हात कपाळाला टेकवला. "व्हय, सायब," एवढंच म्हणाला. त्याची बायको तुळसा बांधावर उभी होती. ती दोरीकडे बघत होती.

मी कामाला लागलो. दोन बैल आणले, मोट बसवली, पाट काढले. दर आठव्या दिवशी वाफे काठोकाठ भरायचे, असा साहेबाचा हुकूम. शिवाय सोरा. बंदुकीच्या दारूत घालतात तोच. पिकाला त्यानं जोर येतो, असं साहेबाच्या पुस्तकात होतं. गोण्या रेल्वेनं कल्याणहून आल्या आणि मी दोनदा सोरा दिला. काय सांगू, माझा कापूस असा तरारला की पाहत राहावं! पौषात झाडं छातीला लागली. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी.

पलीकडे गुणाजीचा कापूस गुडघाभर. पेरताना त्यानं सुक्या मासळीची कुटी मातीत मिसळली होती, सुरुवातीला बायकोबरोबर घागरीनं पाणी घातलं होतं, आणि मग सगळं बंद. जमिनीला भेगा. भर दुपारी पानं माना टाकत. साहेब घोड्यावरून बघायला आला, माझ्या अर्ध्याला "उत्तम" म्हणाला आणि तिकडे बघून म्हणाला, "हा मनुष्य आळशी दिसतो." मी मान डोलावली. कचेरीत मला बागवाले म्हणू लागले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागत होतं.

मग एका सकाळी साहेबाला दाखवायला चांगलंसं पान तोडावं म्हणून मी झाडात हात घातला आणि पानं बाजूला सारली. आत काही नव्हतं. एका झाडाला दोन बोंडं, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. बाकी नुसता पाला. दहा झाडं पाहिली, वीस पाहिली. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून दोरीपलीकडे गेलो आणि गुणाजीची झाडं मोजली. तेरा. चौदा. सोळा. त्या मरतुकड्या झाडांना खालपासून वरपर्यंत पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, आणि सुपारीएवढाली बोंडं लगडलेली.

बाग गेली ती गेलीच, पण मिठागरात उघड्या अंगानं मीठ ओढणाऱ्या माणसाकडून मी हरलो, हे कचेरीत चघळलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी तंबाखूची पुडी घेऊन गेलो आणि त्याच्या बांधावर बसलो. माझ्यासारखा माणूस बांधावर बसलेला बघून तो अवघडून उभाच राहिला.

"बस रे गुणाजी," मी म्हटलं. "तुझा कापूस असा कसा धरला? मला शिकव."

त्याचा चेहरा असा उजळला की मला हसू दाबावं लागलं. तुळसा घागर घेऊन चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "आवो, मिठागरान जावाचा हाय ना? चला."

"थांब गो. रावसाब इचारतान." तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "रावसाब, झाराला पोटभर पानी गावला, वरशी खत गावला, का ते मस्तीला येते. नुसती पाना काढीत रेते. त्याला वाटते, आपुन काय मरत नाय. मंग पोरा कनाला करील? पन जराशी तहान लागली, का त्याला मरन दिसते. मंग ते घाय करते, बोंडा धरते."

"आणि आता कोणी पाणी दिलं तर?"

"आता?" त्यानं कानाला हात लावला. "आता नाय देवाचा, रावसाब! तहानलेल्या झाराला एकदम पानी पाजला, का ते पात्या टाकते. बारकी बोंडा पन टाकते. परत पानांना लागते. मंग पारव्यापावतर हाताला काय लागाचा नाय."

त्यानं मला वाफ्यात नेलं. एकेक फांदी धरून दाखवली. ही पाती टिकणार, ही गळणार, पान मलूल दिसलं तरी घाबरायचं नाही, सकाळी ते पुन्हा उभं राहतं. इतकं सगळं त्याला ठाऊक होतं, आणि सांगताना तो थकत नव्हता. तुळसा तशीच उभी होती, माझ्याकडे बघत. "मना आजपावतर कोनी इचारला नाय, रावसाब," तो म्हणाला आणि निघताना त्यानं परसातली चार कोवळी वांगी माझ्या रुमालात बांधून दिली.

मी तडक साहेबाकडे गेलो.

"साहेब," मी म्हटलं, "ही शर्यत बरोबरीची नाही. विहीर त्याची, पाणी मी ओढतो. त्याच्याकडे बैल नाहीत, मोट नाही, म्हणून त्याचं पीक तहानेनं वाळतं आहे. माझ्या मनाला हे बरं वाटत नाही. माझं पाणी आणि सोरा त्यालाही मिळावा."

"पण त्याची स्वतःची रीत?"

"पाणी नाही म्हणून ती रीत, साहेब. मिळालं तर कोण नको म्हणेल?"

साहेब खुर्चीतून उठला आणि त्यानं माझा हात हातात घेऊन हलवला. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

पाणी सोडायच्या दिवशी साहेब मुद्दाम आला. मोट सुरू झाली, पाट भरून वाहू लागला, आणि गुणाजीच्या वाफ्याचा बांध मी माझ्या हातानं फोडला. गुणाजी मिठागरातून धावत आला. पायांना पांढरं मीठ चिकटलेलं. त्यानं पाणी पाहिलं आणि सरळ पाटात बसकण मारली, दोन्ही हात पसरून, जणू अंगानं पाणी अडणार होतं.

"नको, रावसाब! तुमाना सांगलता ना मी! सायब, पाया परतंव, पानी नको!"

साहेबाला त्याची बोली कळेना. "काय म्हणतो हा?" त्यानं मला विचारलं.

"म्हणतो, एवढे उपकार नकोत, फेडायचे कसे," मी इंग्रजीत सांगितलं.

साहेब हसला, त्यानं गुणाजीच्या ओल्या खांद्यावर थोपटलं आणि शिपायांना खूण केली. दोघांनी काखेत हात घालून त्याला उचलून बांधावर ठेवलं. "साहेबांचा हुकूम आहे रे," मी त्याला म्हटलं. "एवढ्याशानं काय होतंय?" पाणी भेगांत शिरलं, बुडबुडे काढत वाफाभर पसरलं, आणि त्या रात्रीपुरती तरी झाडं टवटवीत झाली असतील. नंतर मी त्यावर सोरा फेकला.

पाचव्या दिवशी पात्या गळायला लागल्या. सकाळी वाफ्यात त्यांचा सडा पडलेला असे. गुणाजी त्या वेचून हातात घेई, उलटसुलट करून बघे आणि पुन्हा खाली ठेवी. आठव्या दिवशी मी परत पाणी दिलं. सोळाव्या दिवशी परत. तो एकदाही आडवा आला नाही. बांधावर उभा राहून बघे, आणि दर खेपेला मला नमस्कार करी. त्याची झाडं भराभर वाढली, नवी हिरवीगार पानं फुटली, आणि उरलीसुरली बोंडं त्या दाट ओल्या सावलीत कुजली.

आणि माझा अर्धा? त्याला मी थेंब दाखवला नाही. कागदावर मात्र दर आठव्या दिवशी पाणी लिहीत गेलो. माझी माजलेली झाडं पंधरा दिवसांत मलूल पडली, महिन्यात पात्यांनी भरली. गुणाजीनं शिकवलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. तंतोतंत. मी तसाच एकेक फांदी बघत फिरे आणि मनातल्या मनात त्याची तारीफ करी.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तराजू टांगला. माझा कापूस साडेतीन मण भरला, त्याचा मणालाही कमी. साहेबानं वहीत लिहून घेतलं की दर आठव्या दिवशी पाणी आणि दोनदा सोरा, हीच कापसाची रीत. तो कागद दख्खनला गेला. तिकडच्या शेतकऱ्यांनी त्याप्रमाणे किती पाणी ओतलं आणि त्यांच्या हाती किती पाला आला, हे मी पुढे कधी विचारलं नाही.

साहेब घोड्यावर बसून गेला. गुणाजी तुळसाला घेऊन माझ्याकडे येताना दिसला, तसं मी दोन शिपायांना जवळ थांबवून घेतलं. शिव्याशाप ऐकायची माझी तयारी होती. दोन महिने मी त्यांची उत्तरं मनात घोटून ठेवली होती.

त्यानं हात जोडले. "रावसाब, चूक माजी हाय."

मी शिपायांकडे पाहिलं.

"तुमी मया केलीत. आपली झारा तहानली ठेवून मना पानी दिलात, सोरा दिलात. मनाच तवा नीट सांगता आला नाय. आमी अरानी मानसा. नीट सांगला असता, तर तुमी कनाला पानी दिला असतात?" त्याला राग आला होता, पण माझा नव्हे. तो स्वतःवर चिडला होता. दोन महिने वाफ्यात उभं राहून त्यानं विचार केला होता, आणि विचारांती हे काढलं होतं. "तुळसा, पाया पर रावसाबांच्या."

तुळसा हलली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं, त्या तंबाखूच्या दिवसापासून कळलं होतं.

"पर म्हनतंव ना," गुणाजी तिला ओरडला.

तिनं वाकून माझ्या जोड्यांना हात लावला. तिचा हात गार होता, ते मला जोड्यांच्या कातड्यातून कळायचं काहीच कारण नव्हतं, तरी कळलं.

"येक मागना हाय, रावसाब," तो म्हणाला. "बागेला मोट हाकाला मानूस लागल. मना ठेवा. बापाची यिहीर हाय, पानी तरी डोल्यासमोर रेल."

माणूस लागणारच होता. त्याच्याइतका जाणता मला सगळ्या खाडीकाठी मिळाला नसता. पण त्या जोडलेल्या हातांचा, त्या भाबड्या तोंडाचा मला एकाएकी असा संताप आला की कानशिलं तापली. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या, माझ्या अंगावर चिखल फेकला असता, तर देवाशपथ मी त्याला ठेवून घेतला असता. रोज सकाळी हा असा नमस्कार घ्यायचा म्हणजे माझं जिणं हराम झालं असतं.

"जागा नाही," मी म्हटलं. "आणि तू नीट सांगायला हवं होतंस."

"व्हय, रावसाब."

तो मागं फिरला. तुळसा त्याच्यामागून गेली नाही. ती रोजच्या सवयीनं विहिरीकडे वळली आणि घागरीच्या गळ्याला दोर बांधू लागली. विहीर आता सरकारी झाली होती, आणि हे आज नाही तर उद्या कोणीतरी तिला सांगणारच होतं. मी शिपायाला खूण केली. त्यानं जाऊन तिच्या हातातला दोर काढून घेतला.