नवी परत घ्या, माझी जुनी द्या!

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि माझ्या अंगाला एकही तार नाही. हसायचंय? हसून घ्या. मी थांबते.

झालं? आता ऐका.

तारांऐवजी माझ्या मानेवर पाच बटणं आहेत: हिरवं, लाल, पिवळं, निळं आणि केशरी. पोटावर एक पट्टी आहे. टीव्हीवर गाणं सुरू झालं की रंगीत गोळे घरंगळत खाली येतात. ज्या रंगाचा गोळा, त्या रंगाचं बटण डाव्या हाताने दाबायचं आणि नेमक्या त्याच क्षणी उजव्या हाताने पट्टी खटकन खाली ओढायची. जमलं तर टाळ्या. चुकलं तर टीव्हीतले प्रेक्षक हुर्यो करतात, आणि घरातले त्याहून जास्त.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. साच्यातून माझे दोन अर्धे भाग गरमागरम बाहेर पडले आणि एका बाईने गप्पा मारता मारता ते स्क्रूने जोडले. तिथून मी थेट दुकानाच्या काचेत. काय भाव होता तेव्हा आम्हाला! शाळा सुटली की पोरं काचेला नाक लावून उभी राहायची. मोठी माणसंसुद्धा "मुलासाठी बघतोय" म्हणत मला गळ्यात अडकवायची, आणि मग काही केल्या काढायची नाहीत.

हे पाहून कंपनीला हाव सुटली. पहिला खेळ गाजतोय तोवर दुसरा भाग आला. मग तिसरा. मग लहान मुलांचा, मग जुन्या गाण्यांचा, मग ढोलाचा वेगळा आणि माइकचा वेगळा. दुसऱ्या एका कंपनीच्या तोंडालाही पाणी सुटलं. तिने हुबेहूब माझ्यासारखी गिटार काढली, फक्त अंगाची शिंगांसारखी टोकं वेगळी. खोका दर वेळी मोठा, आणि आतली निम्मी गाणी तीच! मला सांगा, घरात माणसं तीन आणि गिटारी सात, तर ठेवायच्या कुठे? डोक्यावर? लोक कंटाळले. तेव्हा कंपन्या म्हणाल्या, लोकांना संगीताची आवडच राहिली नाही. वा रे वा! पाहुणा नको नको म्हणत असताना वाढत सुटायचं, आणि वर त्याला भूकच नाही म्हणून नाक मुरडायचं!

मी ज्या घरात आले तिथे दोनच खोल्या. आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. बाबा कुरिअरची गाडी चालवायचे. आणि त्यांची मुलगी भिंगरी. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. भिंगरीने मला इतकं वाजवलं की माझ्या हिरव्या बटणाचा रंग उडाला. मग तिची परीक्षा आली, मैत्रिणी आल्या, आणि मी पलंगाखाली गेले. धूळ खाल्ली. खोटं कशाला बोलू, रुसलेही.

मग एके दिवशी आई ओल्या जिन्यावरून घसरली आणि तिचं डावं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी ताठ झालेली. कॉलर शिवताना उजवा हात कापड पुढे सरकवतो, पण वळणावर ते धरून फिरवायचं असतं डाव्या हाताने. तिच्या मशीनवर कारखान्याने दुसऱ्या बाईला बसवलं होतं. तात्पुरतं, असं म्हणाले. पण तात्पुरतं म्हणजे किती, हे कोणी सांगेना.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरताईंनी दाबायला एक मऊ चेंडू दिला. आईने तो कांद्यांच्या टोपलीत टाकला.

"मी काय तान्ही आहे चेंडू खेळायला?" आई म्हणाली.

भिंगरी पलंगाखाली शिरली आणि मला ओढून बाहेर काढलं. "चेंडू नको ना? मग ही घे. बोटं चार, बटणं पाच. केशरी दाबायचं तर करंगळी ताणावीच लागते."

"अगं, हे पोरांचं..."

"आई, हरायला घाबरतेस का?"

बस्स! आईने मला मांडीवर घेतलं. पहिल्या गाण्यात ती इतकी चुकली की टीव्हीतले प्रेक्षक घसा बसेपर्यंत ओरडले. "ओरडा मेल्यांनो, उद्या बघते तुम्हाला," आई म्हणाली. रोज दुपारी आम्ही बसायचो. हिरवं आलं, लाल आलं, पिवळं आलं. निळ्यावर करंगळी थरथरायची. केशरी मात्र हाती लागेना. माझं केशरी बटण आहेच तसं, हट्टी. नीट जोर लावल्याशिवाय ते बसत नाही.

आणि इथे बाबांनी प्रेमाने घोळ घातला. "जुनी द्या, नवी न्या" अशी कंपनीची योजना त्यांनी दुकानावर वाचली. आईला खूश करायला त्यांनी मला आणि माझ्या खेळाच्या तबकडीला गुपचूप उचलून दुकानात दिलं, आणि नवी चकाचक गिटार घरी नेली. मी दुकानातल्या मोठ्या खोक्यात पडले, माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या अंगावर. कोणाचं बटण तुटलेलं नाही, कोणाची मान मोडलेली नाही. आम्हाला झालं काय होतं? फक्त कंपनीला पुन्हा विकायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी भिंगरी नव्या गिटारीसकट दुकानात हजर.

"दादा, ही नवी परत घ्या. माझी जुनी द्या."

विक्रेता तिच्याकडे बघतच राहिला. "लोक जुनी देऊन नवी नेतात. तू नवी देऊन जुनी मागतेस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगदी ठिकाणावर आहे. तुमच्या नव्या गिटारीला बटणंच नाहीत, नुसती गुळगुळीत पट्टी. बोट टेकवलं की वाजते! माझ्या आईच्या करंगळीला जोर लावायचाय."

"हे बघ, या सगळ्या मोडायला जाणार. कंपनीचा नियम आहे."

"मोडली नाही ना अजून? मग ती माझीच." आणि ही पोरगी कमरेपर्यंत खोक्यात वाकली. मला तिने उडालेल्या हिरव्या रंगावरून ओळखलं.

"आणि खेळ?" तिने विचारलं.

विक्रेत्याने मान खाली घातली. "तबकड्या आल्या आल्या तोडतो आम्ही. नव्या भागाला तुझी गिटार चालत नाही. नेऊन करणार काय?"

भिंगरीचे डोळे भरून आले होते. पण आवाज चढाच होता. "ते माझं मी बघेन!"

घरी बाबा शरमून म्हणाले, "मला वाटलं, नवी म्हणजे चांगली." आई मला मांडीवर घेऊन बंद टीव्हीकडे बघत बसली. तेवढ्यात भिंगरी टीव्हीच्या पुढे उभी राहिली, पाठ त्याच्याकडे, तोंड आईकडे. "मी रंग सांगते. तू दाब." आणि तिने टाळ्या वाजवत स्वतःच गायला सुरुवात केली. "लाल! पिवळं! निळं! केशरी! चुकलीस, पुन्हा!" बाबा हुर्यो करायला बसले. भिंगरीचा आवाज बेसूर, ठेका पक्का. आणि मला, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मला कंपनीची गरजच नाही! वायर सुटलेली, पडदा काळा, आणि तरी आम्ही वाजत होतो.

कितीतरी दुपारींनंतर केशरी बटण आईच्या करंगळीखाली खटकन बसलं. भिंगरी पलंगावर नाचली. आईने मात्र लगेच पुन्हा दाबून पाहिलं. खटक. पुन्हा. खटक.

आई कारखान्यात गेली. मी तिथे नव्हते, पण संध्याकाळी तिने सांगितलं ते सगळं ऐकलं. सुपरवायझरबाईंनी तिच्या हातात कॉलर ठेवली आणि म्हणाल्या, "वळण जमलं तर मशीन तुझं." आईने डाव्या हाताने कापड धरलं आणि फिरवलं. बाईंनी कॉलर उजेडात धरून पाहिली, उलटीपालटी केली, आणि तात्पुरत्या बाईला दुसरं मशीन दाखवलं.

तर मित्रांनो, एखादी वस्तू जुनी झाली असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर आधी विचारा: कोणासाठी जुनी? तिचे स्क्रू घट्ट करा, धूळ पुसा, चालते का ते स्वतः वाजवून बघा. टाकायची की नाही, हे तुम्ही ठरवा. विकणाऱ्याला ठरवू देऊ नका.

कंपनीच्या हिशेबात मी केव्हाच भंगार झाले. खुशाल म्हणा! आता मला जास्त बोलायला वेळ नाही. आज आई रंग पुकारणार आहे आणि वाजवायची पाळी भिंगरीची आहे. आई तिला अजिबात सोडणार नाही.