उशाशी

"पायाशी उभ्या राहू नका हं ताई, उशाशी बसा. पायाशी कुणी उभं राहिलं की तो दचकतो."

शेजारच्या देशातली ती आई बसच्या खिडकीतून धुलाईघरातल्या बाईला हे सांगून गेली होती. उपचारांसाठी आणलेलं तिचं लेकरू इथल्या रुग्णालयात दगावलं, त्याच आठवड्यात सीमा बंद झाली. शेवटच्या बसने आईला परत पाठवलं. लेकरू इथल्या मातीत राहिलं.

रुग्णालयाच्या चादरी पिळणाऱ्या या बाईचा नवरा ट्रकवाला. आधीच्या एका सीमाबंदीत तो असाच पलीकडच्या देशात मातीआड झाला होता. दोन्ही देशांतल्या मैत्री मंडळांनी बस सुटण्याआधीच अशा घरांची जोड लावून दिली: आमचं माणूस तुम्ही बघा, तुमचं आम्ही बघतो. बाईच्या वाट्याला ते लेकरू आलं, त्या आईच्या वाट्याला ट्रकवाला.

दर गुरुवारचा नेम. जागा झाडायची, पाणी शिंपायचं, घटकाभर उशाशी बसायचं.

मग लढाईची भाषा सुरू झाली. मंडळाला टाळं लागलं, चिटणीसबाईंना पोलीस घेऊन गेले, पलीकडचे फोन थांबले. काल बाईच्या दारावर कुणी काळा रंग फासला.

"आई, आता पुरे," मुलगा दार घासता घासता म्हणाला. "माझी नोकरी कायम व्हायचीय. ते लोक आपल्याला शिव्या घालतात आणि तू त्यांच्या पोराला पाणी घालतेस!"

"त्या पोरानं कुणाला शिवी दिली रे? त्याला धड बोलताही येत नव्हतं."

"ती बाई तरी बाबांकडे जाते कशावरून?"

बाईचा हात पाण्याच्या कॅनच्या झाकणावर थांबला. हा प्रश्न तिने स्वतःला कितीदा विचारला होता.

"मला काय ठाऊक? माझं तरी तिला कुठं ठाऊक आहे?"

"मग?"

"मग काय! मी बसले घरी, तर तीही बसली असेल असंच वाटत राहील मला. तुझ्या बापाजवळ कुणी नाही, असं."

मुलगा फडका पिळून आत निघून गेला.

तिने केरसुणी पदराआड घेतली. उंबऱ्याशी पाहिलं, तर तिच्या चपला नव्हत्या. सकाळी होत्या. माळ्यावरच्या पेटीमागून एकीचा पट्टा लोंबत होता.

तिने मुलाला हाक मारली नाही. कॅन उचलला आणि दार हळूच ओढून घेऊन तापलेल्या रस्त्याने अनवाणी निघाली.