किल्ल्या मावशीकडे

नगरपालिकेच्या बाजारातले दुकानदार एका बाबतीत अगदी राजेमहाराजे होते. स्वतःच्या दुकानाचं शटर त्यांनी कित्येक वर्षांत स्वतःच्या हातानं उचललेलं नव्हतं. ते काम मावशीचं. मावशी बाहेर पायरीवर बसून बॅगांच्या चेन बदलायची. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर जायची, म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला. असं कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप अंगवळणी पडलं होतं. तिची पायरी शिंपीमास्तरांच्या दारासमोरची, त्यामुळे दोघं दिवसभर एकमेकांना टोमणे मारत आणि संध्याकाळी एकाच किटलीतला चहा पीत.

कोपऱ्यातले घड्याळजी वारले आणि त्यांचा गाळा रिकामा झाला. मास्तर दुकानदारांचे अध्यक्ष, म्हणून नगरपालिकेच्या साहेबांनी त्यांनाच बोलावून घेतलं.

"बोली लावली की तो गाळा रस्त्यापलीकडचा कापडवाला शेठ गिळणार, हे मलाही कळतं," साहेब म्हणाले. "तेव्हा बोली नको. भाडं ठरलेलं आहे. तुम्ही एकमतानं एक नाव कळवा, मी सही करतो."

मास्तरांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांची धाकटी लेक बॅगा सुरेख शिवायची, पण घरात मशीन ठेवायला जागा नव्हती. दूरच्या शहरातल्या एका कारखान्यानं तिला बोलावलं होतं. गाळा मिळाला तर ती राहणार, नाहीतर जाणार. बायको गेल्यापासून घरात मास्तरांशी भांडायला ही एवढी एकच उरली होती, आणि भांडणाशिवाय मास्तरांना जेवण जात नसे.

बैठक मास्तरांच्याच दुकानात झाली, आणि तिला बैठक म्हणणंही जास्तच. "धाकटी आपलीच पोर. विषय संपला," चष्मेवाला म्हणाला. भांडीवाल्यानं पाठिंब्याचे दोन्ही हात वर केले. "छे छे, असं बरं दिसत नाही," मास्तर म्हणाले, पण अशा बेतानं की कुणाला ऐकू जाऊ नये.

मग गाळा बघायला सगळे निघाले. किल्ली अर्थातच मावशीकडे.

"धाकटीला देताय? अगं बाई, मग पोर इथंच राहील!" मावशीचा चेहरा असा फुलला की जणू लेक तिचीच. तिनं शटर उचललं. आत लख्ख झाडलेलं होतं आणि भिंतीवरची सगळी घड्याळं टिकटिकत होती.

"ही अजून चालू कशी?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"मी चावी देते ना. लोकांची घड्याळं आहेत, दुरुस्त झालेली. न्यायला आले आणि बंद दिसली, तर गेलेल्या माणसाला नावं ठेवतील." मग ती मास्तरांकडे वळली. "धाकटीला सांगा, मशीन या खिडकीपाशी मांड म्हणावं. सकाळचा उजेड नेमका सुईवर पडतो. मी कधीचं बघून ठेवलंय."

"तू कशाला बघून ठेवलंस?"

मावशीनं पदरानं खिडकीची चौकट पुसली. मग हसली. "असंच आपलं. बघायला काय जातं?"

मास्तरांचं लक्ष तिच्या किल्ल्यांकडे गेलं. सगळ्या बाजाराच्या किल्ल्या हिच्या कमरेला आणि हिचं नाव एकाच्याही तोंडातून निघालं नव्हतं. इतरांचं सोडा, रोज एका किटलीतला चहा पिणाऱ्याच्याही नाही!

मावशी पायरीवर परतल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "ज्यांना दुकान नाही, त्यांच्यापैकी कुणीही नाव द्यावं. फाटकावर पाटी लावू. चिठ्ठ्या टाकू, आणि पायरीवर, सगळ्यांदेखत काढू."

"अहो, लेक चाललीय तुमची! आणि असं आजवर कधी झालंय?" भांडीवाला ओरडला.

"नाही झालं. माझ्या वडलांना हे दुकान का मिळालं, ठाऊक आहे? त्यांनी शिवलेला कोट तेव्हाच्या साहेबाच्या अंगाला नेमका बसला म्हणून." यावर हसावं की रागवावं, कुणालाच कळेना. नगरपालिकेच्या साहेबांनी मात्र हे कानावर येताच मान डोलावली.

घरी धाकटी भांडली नाही, आणि हेच मास्तरांना जड गेलं. ताट वाढून ती समोर बसली.

"माझं नाव तरी टाकलंत का?"

"टाकलं."

"मावशीचं?"

"ती नको म्हणते. या वयात काय करू म्हणते."

"म्हणते तर म्हणू दे," धाकटी उठत म्हणाली. "तिचं मी टाकते."

चिठ्ठ्या मास्तरांच्या बटणांच्या डब्यात घातल्या. बाजारात ही एवढी गर्दी. साहेबांनी डोळे मिटून एक चिठ्ठी उचलली आणि मावशीचं नाव वाचलं. मावशीनं त्यांना ते परत वाचायला लावलं. तिला पहिली मिठी धाकटीनं मारली. मास्तर टाळ्या वाजवत होते आणि त्यांचे डोळे वाहत होते. त्यातलं आनंदाचं किती आणि दुःखाचं किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

धाकटी कारखान्यात जायला निघाली. बस हलली तरी खिडकीतून बजावत होती, "रात्री दूध प्यायचं विसरू नका!" आणि मास्तर मान हलवत बसमागे चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशीनं ज्याच्या त्याच्या हातात ज्याची त्याची किल्ली ठेवली. "आता मीही दुकानदार. आपापलं उघडा!" सगळ्या बाजारात खडखडाट आणि शिव्याशाप सुरू झाले. मास्तरांनी शटर ओढलं, ढकललं, लाथ मारली. ते तसूभरही हललं नाही. धाकटी असती तर पोट धरधरून हसली असती, असं मनात आलं. शटरला कपाळ टेकून ते तसेच उभे राहिले.

मावशी आपल्या दुकानातून उतरून आली. "आधी डावीकडून उचलायचं असतं," ती म्हणाली, आणि तिनं दुसरी बाजू धरली. "आणि पोरीला फोन करा. म्हणावं, बापाला स्वतःचं दुकान उघडता येत नाही. भांडायला तिला एवढं पुष्कळ आहे."

शटर वर गेलं. मास्तरांनी आत जाऊन दिवासुद्धा लावला नाही, आधी फोन लावला.