रेडिएटरमधली हवा

भडक्याचं खरं नाव आठवायला त्याच्या आईलासुद्धा क्षणभर थांबावं लागायचं. सगळी गल्ली त्याला भडकाच म्हणायची, आणि उगाच म्हणत नव्हती. समोरचा वाकडं बोलला की याचा हात आधी चालायचा, डोकं मागून यायचं. गाड्यांच्या बाबतीत मात्र त्याच्याइतका धीराचा माणूस शोधून सापडला नसता.

आज ते हात असून नसल्यासारखे होते. मेहुणा आला होता.

मागच्या खेपेला धाकट्या बहिणीच्या, छोटीच्या, गळ्यावर बोटांचे वळ दिसले तेव्हा भडक्याने या माणसाला आपल्या गॅरेजच्या दारातच धरून असा तुडवला होता की त्याचे पुढचे दोन दात शेजारी गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या सीटवाल्याच्या पायरीवर सापडले. काय बरं वाटलं होतं म्हणून सांगू! पण ते बरं वाटणं आठवडाभर काही टिकलं नाही. छोटी परत आली ती मोडलेला हात गळ्यात अडकवून. "दादा, तू तिथे एक मारलास की मला घरी चार पडतात," ती म्हणाली. "माझ्यावर जीव असेल तर पुन्हा त्याच्या अंगाला हात लावू नकोस." त्याने शब्द दिला. असला शब्द पाळणं म्हणजे रोज निखारा गिळणं, पण दिला होता.

आता पुन्हा ती गॅरेजच्या वरच्या खोलीत आईकडे येऊन राहिली होती. जबड्यावरची सूज उतरली होती, पिवळा डाग तेवढा उरला होता. आईचं एकच पालुपद: "लेकीचं घर तिकडे. चार दिवस राहा, मग जा." आणि आज मेहुणा तिला न्यायला आला होता. तोही कसा, तर वाफा सोडत असलेली गाडी ढकलत.

"बघतोस काय? कर नीट," तो म्हणाला आणि आपल्याच गाडीच्या चाकाला लाथ घातली. "पाइप फुटला होता, मीच बदलला. पाणी काठोकाठ भरलं. तरी काटा लालमध्ये जातो, आणि हीटर लावला तर थंड वारा येतो. दुपारच्या आत घरी पोचायचंय आम्हाला."

भडक्याने ऐकलं तेवढ्यात त्याला रोग कळला. गडी पाणी भसकन ओतून झाकण लावून मोकळा झाला होता. आतली हवा आतच कोंडली होती. हवा अडली की तिथे पाणी फिरत नाही, आणि पाणी फिरलं नाही की इंजिन भाजून निघतं. ही हवा बाहेर काढायला अक्कल लागत नाही फारशी, वेळ लागतो. घाई केलीत तर बसा बोंबलत.

ज्या गाडीतून बहिणीला त्या नरकात न्यायचं, तीच गाडी त्याने हाताने नीट करायची! त्याच्या मनात येऊन गेलं, ठेवावी थोडी हवा तशीच. पडेल मध्येच बंद. पण मग रस्त्याच्या कडेला बंद गाडी, पिसाळलेला हा आणि शेजारी ती एकटी. नाही, काम चोख करायला हवं होतं.

इंजिन निवल्यावर त्याने पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहतं आणि हवा तिकडे धावते. झाकण काढून तोंडात नरसाळं बसवलं, पाणी भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला. आता आत बसून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवणारं कुणीतरी हवं होतं.

"तुम्ही बसता का, पाहुणे?"

"मी काय तुझा नोकर? तिला बसव."

छोटी खाली आली आणि गाडीत बसली. भडका खिडकीपाशी वाकला. "मी सांगितलं की हळूहळू दाब, सांगितलं की हळूहळू सोड. दाबलंस की पाणी खाली जातं. एकदम पाय काढलास तर उकळतं पाणी कारंज्यासारखं वर येईल. माझा हात तिथे असणार आहे, बाई."

"कळलं, दादा," ती म्हणाली.

इंजिन तापलं. भडका वरचा जाड पाइप दाबत सोडत राहिला, आणि नरसाळ्यात बुडबुडे यायला लागले. आधी मोठाले, मग बारीक. छोटी सांगितल्याबरहुकूम पाय दाबत होती, सोडत होती. मेहुण्याला काही धीर निघेना. दोन फेऱ्या मारून तो खिडकीपाशी गेला. "किती पेट्रोल जाळशील, भवाने?" म्हणाला, आणि उघड्या खिडकीतून हात घालून फाडकन तिच्या कानाखाली वाजवली. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. पाय मात्र हलला नाही तिचा. दादाचा हात पाइपवर होता.

भडक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो दोन ढांगांत मेहुण्यासमोर उभा राहिला. उभाच राहिला.

"मार की," मेहुणा हसून म्हणाला. समोरच्या दातांच्या जागी खिंड दिसत होती. "मार ना! रात्री तिच्याकडून वसूल करतो." त्याने बाकावरचा जॅकचा दांडा उचलला आणि भडक्याच्या खांद्यावर हाणला. मग बरगडीवर. भडका गुडघ्यावर आला. तिसरा फटका पाठीवर बसला तेव्हा त्याच्या तोंडातून नुसता हुंकार निघाला. शंभर वेळा त्याने मनात त्या माणसाचा गळा आवळला. हात मात्र जमिनीवर टेकून ठेवले, जसे काही खिळ्यांनी ठोकलेत.

"दादा!" छोटी आतून ओरडली.

"पाय काढू नकोस गं," भडका खालूनच म्हणाला. "हळू दाबून ठेव. मी येतो."

आणि तो उठून, बरगडी धरत, पुन्हा पाइपपाशी गेला. थुंकला तर रक्त आलं. बुडबुडे आता तुरळक झाले होते. थोडंच काम राहिलं होतं, आणि ते झालं की ती जाणार होती. त्याला रडू यायला लागलं. एवढा दांडगा माणूस, पण आलं.

"नरसाळ्यात तोंड घालून रडतोस काय बायकांसारखा? सरक, मला बघू दे." मेहुण्याने त्याला कोपराने ढकललं, नरसाळं उपटून बाजूला फेकलं आणि रेडिएटरच्या तोंडावर वाकला. इंजिन जोरात होतं, त्यामुळे पाणी खोल गेलेलं. "काही नाही यात. रिकामं आहे."

"पाहुणे, तोंड बाजूला घ्या. पाणी वर येईल."

"मला शिकवतोस?" तो आणखी वाकला.

उघड्या बॉनेटच्या खाली काचेसमोर एक फट असते. त्या फटीतून भडक्याला छोटीचे डोळे दिसले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती वाकलेल्या नवऱ्याकडे बघत होती, आणि शांतपणे बघत होती.

इंजिनचा आवाज एकदम पडला.

उकळतं पाणी भस्सकन उसळलं ते थेट त्याच्या तोंडावर. असा आवाज भडक्याने माणसाच्या गळ्यातून कधी ऐकला नव्हता. मेहुणा मागे कोलमडला, पत्र्याच्या रॅकवर आदळला, पाने आणि नटबोल्ट त्याच्या अंगावर कोसळले. तो लोळत होता, चेहरा ओरबाडत होता, आणि गालाची कातडी बोटांना चिकटून येत होती. भडक्याने थंड पाण्याची बादली त्याच्यावर ओतली, मग दुसरी. हात लावायचा नाही हा शब्द त्या क्षणी त्याला आठवलासुद्धा नाही. त्याने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले. "ओरबाडू नका! डोळे मिटा! पाणी ओतू द्या!"

गल्ली गोळा झाली. सीटवाला पळत आला, आई जिना उतरून आली.

"याने केलं!" मेहुणा किंचाळला. "या भडक्याने भाजलं मला!"

सगळ्यांनी भडक्याकडे बघितलं. कुणालाच नवल वाटलं नाही. त्यालाही वाटलं, बरंच झालं, जाऊ दे आत मला. "हो," तो म्हणाला, "मीच..."

आणि तिथेच त्याची जीभ अडखळली. तो आत गेला तर हिला रोज कोण गाठणार होतं? चाराचे चाळीस होणार होते.

गाडीचं दार उघडलं. छोटी उतरली. कान लालभडक, कपाळाला टेंगूळ. "दादाने नाही," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेला. "दादा त्याला बाजूला हो म्हणत होता. मी पाय काढला. हा वाकला होता ते बघून काढला."

"काय बोलतेस, छोटे!" आई म्हणाली. "चुकून सटकला असेल."

"चुकून नाही, आई."

मेहुण्याचं किंचाळणं थांबलं. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसऱ्याने तो तिच्याकडे बघत राहिला.

सीटवाल्याने आपला टेम्पो दारात आणला. चौघांनी मेहुण्याला उचलून मागे गादीवर बसवलं, भडक्याने ओलं फडकं त्याच्या तोंडाशी धरलं. दवाखाना लांब नव्हता. सीटवाला भला माणूस, जगरहाटीप्रमाणे म्हणाला, "ताई, तुम्हीपण चढा. सोबत कुणीतरी घरचं हवं."

छोटी जागची हलली नाही. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. झालं गेलं पोटात घालायची सवय आयुष्यभराची, ती एका दुपारीत थोडीच जाणार! "जा गं," आई म्हणाली, "बस त्याच्याजवळ. काही झालं तरी नवरा आहे." आणि तिने लेकीला टेम्पोकडे हलकेच ढकललं.

छोटीने एक पाऊल टाकलं.

"नको!" मेहुणा ओरडला. तो गादीवरून मागे सरकत गेला, पाठ टेम्पोच्या पत्र्याला भिडेपर्यंत. "तिला नको! तिला चढवू नका! ती नको माझ्याजवळ!"

आईचा हात तसाच हवेत राहिला. सीटवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग छोटीकडे, आणि मागची फळी लावून घेतली. टेम्पो गेला.

गाडी अजून सुरूच होती. भडका वाकून आत हात घालून इंजिन बंद करायला गेला, तर छोटी म्हणाली, "थांब, दादा. मी करते."