माझ्या तारा उलट्या कशा झाल्या

मित्रांनो, मला पाहिलं की जो तो विचारतो, "ही किती जुनी?" माझा रंग दुधावरच्या सायीसारखा पिवळसर आहे. कडेला रंग उडाल्यासारखे डाग आहेत आणि खुंट्यांची टोकं मळकट दिसतात. पण ते डाग खरे नव्हते. मागच्या जमान्यातल्या गिटारीसारखी दिसावी म्हणून कारखान्यातच मला घासून-पुसून तशी केली होती. माणसं आधी लहान असतात आणि मग म्हातारी होतात. माझं म्हातारपण कारखान्यात उरकलं आणि बालपण रहिमतपुरात सुरू झालं.

मी विजेवर वाजणारी गिटार. माझं अंग भरीव लाकडाचं आहे आणि तारांखाली चुंबकं बसवलेली आहेत. ती तारांची थरथर पकडून वायरीतून स्पीकरकडे पाठवतात. वायर नसली तर माझा आवाज डासाच्या गुणगुणीएवढा. म्हणून प्रबुद्धने मला पहिल्यांदा घरी आणून वाजवलं तेव्हा त्याची आई बाळाबाई म्हणाली, "आरं, ही तर मुकी हाय की!" मग त्याने वायर जोडली आणि तार छेडली. बाळाबाई दचकून मागं सरली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

प्रबुद्ध शिरवळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. मला घेण्यासाठी त्याने जादा पाळ्या केल्या होत्या. सुट्टीला घरी आला की तो बाळाबाईच्या गायन पार्टीत मला वाजवायचा. तिची पार्टी पंचक्रोशीत नावाजलेली. जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाच्या घरचं नामकरण असो, तिलाच बोलावणं यायचं. ढोलकीला भाऊसो असायचे. ही पार्टी त्यांनी आणि बाळाबाईने मिळून उभी केली होती. सुरुवातीला काही जाणत्यांनी नाकं मुरडली, भीमगीतांना ही विजेची गिटार कशाला म्हणून. पण बाळाबाईचा आवाज जाड आणि खोल होता, आणि प्रबुद्ध त्या आवाजाच्या खालून मला वाजवायचा. पुढं पुढं करणं त्याला ठाऊकच नव्हतं. हळूहळू नाकं सरळ झाली.

माझं त्या घरात कौतुक होतं. कार्यक्रम संपला की घामाने तारा गंजू नयेत म्हणून प्रबुद्ध मला मऊ सुती कपड्याने पुसायचा. तारा जुन्या झाल्या की नव्या चढवायचा. मी त्या घरात सुखी होते, आणि मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग एकदा तो आठवडा संपायच्या आतच घरी आला. डाव्या हाताला बँडेज होतं. प्रेसखाली मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट सापडलं होतं. दोन्ही अर्ध्यातून गेली होती.

तुम्हाला गिटार ठाऊक नसेल तर सांगते. डाव्या हाताची बोटं माझ्या मानेवरच्या पडद्यांवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारा दाबतात आणि उजवा हात त्या छेडतो. दाबणारी बोटंच नसतील तर छेडून उपयोग काय? प्रबुद्धने मला पिशवीत घातलं आणि खाटेखाली सरकवलं. हात बरा झाला, कारखान्याने त्याला दुसरं काम दिलं, पण खाटेखाली वाकून त्याने कधी पाहिलं नाही. माझ्या तारांवर गंज चढला. ताणलेल्या तारांनी माझी मान हळूहळू पुढं ओढली.

नुसती मीच गप्प झाले असते तर मी सोसलं असतं. पण बाळाबाईनेही गाणं सोडलं. भाऊसो समजूत घालायला घरी आले.

"आवं बाळाबाई, साथीला दुसरा गडी आणतो की. तुमी म्हणा गाणी."

"माजं पोरगं गप बसलंय, तवर माजं त्वांड न्हाई उघडायचं, भाऊसो," ती म्हणाली. भाऊसो चहा न घेताच गेले.

हे प्रबुद्धने ऐकलं. आपल्यामुळे आईचा आवाज बंद झाला, हे त्याला सहन होईना. मी डोळ्यांसमोरून गेले तर ती सारं विसरेल आणि पुन्हा गाईल, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने मला विकायला काढून मोबाइलवरून माझे फोटो टाकले. सांगलीच्या विश्वजित नावाच्या, वाद्यं जमवणाऱ्या शौकीन माणसाने लगेच फोन केला, येत्या रविवारी मला बघायला येतो म्हणून.

रविवारच्या आधी प्रबुद्धने मला बाहेर काढलं आणि मांडीवर घेऊन पुसायला बसला. कपडा डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात धरला होता आणि माझी मान उजव्या हातात होती. म्हणजे मी त्याच्या मांडीवर बरोबर उलटी होते. बाळाबाई भाकरीचं पीठ मळता मळता थांबली.

"तसाच बस," ती म्हणाली. "हलू नगंस."

"का गं?"

तिचे हात पिठाने भरलेले होते. ती उंबऱ्यातच खाली बसली.

"तू डावरा हुतास, प्रबुद्धा. जेवायला डावा हात, पाटीवर लिवायला डावा हात. लोकं नावं ठेवत्यात म्हणून मी त्यो हात फडक्यानं बांधून ठिवायची. रडायचास लय. तुजा चालता हात त्योच हुता रं. मीच त्येला मागं लावला."

प्रबुद्धला यातलं काही आठवत नव्हतं. त्याने आपल्या तुटक्या हाताकडे पाहिलं आणि कपडा टाकून अंगठ्याने आणि त्या एका बोटाने माझ्या तारा छेडल्या. गंजलेल्या तारांतून सूर कसला निघतोय, खरखर झाली. पण त्या खरखरीला ताल होता. मित्रांनो, इतक्या वर्षांत त्याच्या उजव्या हाताने मला असं कधी छेडलं नव्हतं.

मला उलटी धरली की वरची जाड तार खाली जाते. म्हणून दोघांनी मिळून माझ्या गंजक्या तारा काढल्या आणि नव्या तारा उलट्या क्रमाने चढवल्या. जाड तारेच्या जागी बारीक, बारकीच्या जागी जाड. एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! माझ्या डोक्याजवळच्या पट्टीत प्रत्येक तारेच्या मापाची खाच असते. जाड तार बारीक खाचेत बसेना, आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळायला लागली. पिळता पिळता एक तार तुटून प्रबुद्धच्या गालाला लागली. "न्हाई व्हायचं, आई," असं म्हणून त्याने मला बाजूला ठेवलं आणि संध्याकाळी तारा पहिल्यासारख्या चढवल्या.

रविवारी विश्वजित आला. माणूस भला होता. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं, उजेडात धरलं, माझे डागसुद्धा कौतुकाने पाहिले. "काहीच बदललेलं नाही," तो म्हणाला. "भोक-बिक पाडलेलं असतं तर घेतली नसती. माझ्याकडे काचेचं कपाट आहे, आत दिवे आहेत." खोटं कशाला सांगू, खाटेखालच्या अंधारातून आलेल्या मला ते दिवे गोड वाटले.

बाळाबाईने विचारलं, "वाजवनार का तुमी हिला?"

"नाही हो, मावशी. मला वाजवता येत नाही. मी जपून ठेवणार."

ती प्रबुद्धकडे बघत राहिली. शेवटी प्रबुद्ध उठला आणि त्याने विश्वजितच्या हातातून मला काढून घेतलं. "माफ करा, दादा," तो म्हणाला. "हिला भोक पाडायचं हाय."

विश्वजित हिरमुसला, पण रागावला नाही. जाताना त्यानेच मिरजेच्या इलाहीभाईंचा पत्ता दिला.

इलाहीभाई सतारी आणि तंबोरे बनवतात. त्यांच्या दुकानात छताला भोपळे टांगलेले होते. ते मला हात लावायला आधी तयार होईनात. "आमी भोपळ्याची मानसं. हिच्या पोटात वीज हाय," असं म्हणून दूरच बसले. बाळाबाईने त्यांना सगळी हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा चढवला. माझ्या मानेचा बाक त्यांनी काढला. सतारीसाठी आणलेल्या हाडाच्या तुकड्यातून नवी पट्टी कापली आणि तिच्यात उलट्या क्रमाने खाचा घासल्या. माझ्या अंगाला दोन शिंगं आहेत, एक लांब आणि एक आखूड. उलटी धरल्यावर आखूड शिंग वर आलं आणि गळ्यातला पट्टा अडकवायला त्यावर भोक पाडावं लागलं. ड्रिलचा आवाज ऐकून मी भ्याले. त्या काचेच्या कपाटाचं दार तिथं मला कायमचं बंद झालं.

पण खरं अवघड पुढंच होतं. उजव्या हाताच्या बोटांना पडद्यांची ओळखच नव्हती. ती चुकायची, सोलवटायची, त्यांना फोड यायचे. प्रबुद्ध चिडून मला खाली ठेवायचा आणि बाळाबाई पुन्हा उचलून त्याच्या मांडीवर ठेवायची.

बुद्धपौर्णिमेला विहारासमोर मांडव पडला. बाळाबाई पुन्हा गाणार हे गावभर झालं होतं, त्यामुळे बसायला जागा उरली नव्हती. ती उभी राहिली, भाऊसोंनी ढोलकीवर थाप मारली आणि प्रबुद्धने मला छेडलं. ध्रुवपद नीट गेलं. कडव्याशी सूर बदलायचा होता, आणि तिथं त्याची बोटं हरवली. माझ्या मानेवर त्याचा घाम मला जाणवत होता. आता तो उठून जाईल, असं मला वाटलं.

बाळाबाईने मागे वळून पाहिलं नाही. तिने ओळीतलं शेवटचं अक्षर सोडलंच नाही. तो जाड आवाज तिने तसाच लांबवला, जराही न हलवता. भाऊसोंनी ओळखलं आणि ढोलकी हळू केली. लोकांना वाटलं, काय दम आहे बाईचा! कुणी "व्वा!" म्हणालं. ती मात्र थांबली होती, तिच्या लेकाचं बोट योग्य पडद्यावर येईपर्यंत. ते आलं. मी वाजले, आणि मगच तिने पुढचा शब्द उचलला.

प्रत्येक कडव्याला ती अशीच थांबली. शेवटच्या कडव्याला तिला थोडंच थांबावं लागलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य गप्प पडलं असेल तर त्याला बाहेर काढा. त्याच्या तारा बदला, आणि गरज पडली तर त्याला भोकही पाडा. आमचं काही म्हणणं नाही. एवढीच विनंती आहे, वाजवणाऱ्याचं बोट हरवलं तर हसू नका आणि त्याला टाकून पुढं जाऊ नका. जमेल तेवढा वेळ सूर धरून ठेवा. श्वास पुरेनासा झाला तरी आणखी थोडा धरा.