रिकाम्या सीटवरचं वजन

साखरखेर्ड्यात अन्नपूर्णाबाईंच्या अंगणात उजाडल्यापासून माणसांची रीघ लागली होती. ओसरीसमोर त्यांच्या मुलाची, ज्ञानेश्वरची, फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी उभी होती. तिचा ड्रायव्हरकडचा पुढचा कोपरा, आत कुणी जड माणूस बसल्यासारखा, खाली दबला होता. गाडीत कुणीच नव्हतं. ज्ञानेश्वर दिवाळीआधीच तापानं गेला होता.

"सूक्ष्म देहालाही वजन असतं," गुप्तानंद महाराज सांगत होते, "पण ते भारी गाडीलाच कळतं. बैलगाडीला कळत नाही." लोक माना डोलावत होते. महाराजांनी खिडकीतून हात घालून चावी फिरवली, इंजिन सुरू केलं, "ऊठ बाळा" म्हटलं, आणि दबलेला कोपरा घरघर करत हळूहळू वर आला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. रात्री ज्ञानेश्वर गाडीत येऊन बसणार की नाही, हे महाराज संध्याकाळीच आभाळाकडे बघून सांगत, आणि ते बहुधा खरं ठरे.

ज्ञानेश्वरची बहीण पूनम मेहकरला शाळेत विज्ञान शिकवायची. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तिचाही हात त्या रिकाम्या सीटवर गेला होता. भाऊ तिलाही हवाच होता. पण महाराजांनी आईचं इन्शुलिन बंद केलं होतं. सुई टोचणाऱ्या घरात आत्मा थांबत नाही म्हणे. आईचे पाय सुजले होते, बोलताना धाप लागत होती.

"तो थंडीतच येते माय," आई सांगायची. "लहानपणी पण थंडीत माह्याच कुशीत शिरे."

पूनमनं गाडी चिखलीच्या एका गॅरेजात नेली. भर दुपारी मेकॅनिकनं कॉम्प्युटर जोडला, साबणाचं पाणी मारलं. काहीच सापडलं नाही. झालं, मशीननंही हात टेकले म्हणत महाराजांचं प्रस्थ आणखी वाढलं. पूनम मात्र आईच्याच वाक्यावर अडली होती. गाडी दबायची ती निरभ्र, कडक थंडीच्या रात्रीच. ढग असले की थंडी कमी पडायची आणि गाडी दबायची नाही. त्यात महाराजांच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी त्याच चाकावर गार पाण्याचा अभिषेक व्हायचा.

मग एका थंड सकाळी, ऊन पडायच्या आत, तिनं इंजिन सुरू करून कोपरा वर येऊ दिला आणि ती सगळ्यांदेखत चाकामागे वाकली. तिथं स्प्रिंगच्या जागी हवा भरलेली रबरी पिशवी होती. तिनं ब्रशनं साबणाचं पाणी लावलं. पिशवीच्या घडीतून बारीक बुडबुडे फुगून येऊ लागले. थंडीत, त्यात गार पाण्यानं, रबर आखडतं, घडीतली चीर उघडते आणि हवा निघून जाते, तिनं समजावलं. दुपारी रबर सैल पडलं की चीर मिटते, म्हणून गॅरेजात सापडली नाही. इंजिन सुरू केलं की पंप पुन्हा हवा भरतो आणि गाडी वर येते. संशयानं आत्मा दुखावतो असं काहीबाही पुटपुटत महाराजांनी चपला शोधल्या.

आई बुडबुड्यांकडे बघत होती.

"म्हंजे तो आलाच नाही?"

"नाही आई. एकदाही नाही."

पूनमला ते बोलणं फार जड गेलं. भाऊ आपल्याच तोंडून पुन्हा मेला असं तिला वाटलं.

"मंग काऊन सांगतलं मले? राहू द्याचं होतं."

"तो गेला आई. आता तुले बी जाऊ देऊ का?"

ज्याचं माणूस गेलं आहे त्याला फसवणं सगळ्यात सोपं असतं. त्याला पारखायचं भान नसतं. म्हणून निदान शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हात जोडण्याआधी एकदा वाकून बघावं. त्या अंगणात एवढी माणसं जमली, पण चाकामागे कुणीच डोकावलं नव्हतं.

आई गाडीच्या पायरीवर बसून खूप रडली, तो गेल्यापासून रडली नव्हती तेवढी. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जाय, सुई आण."