निळ्या पायऱ्या

कलामंडळाच्या हॉलचं छत गळायला लागलं आणि आतलं चित्रप्रदर्शन अर्ध्यावर बंद पडलं. बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांतून त्या भागाचं छोटंसं रेडिओ केंद्र चालायचं. त्यावर सकाळी बोलणाऱ्या रेडिओताईने त्याच दिवशी सांगून टाकलं, "हॉल नसेना का! दुकानांना भिंती आहेत की. एकेका दुकानात एकेक चित्र लावू या."

दुकानदारांनी मनावर घेतलं. चांभाराकडे झुंजणारे कोंबडे गेले, औषधाच्या दुकानात पिवळी फुलं गेली, आणि लाँड्रीच्या वाट्याला एक भलंमोठं निळं चित्र आलं.

लाँड्री वहिनीची होती. अख्खा रस्ता तिला वहिनीच म्हणायचा, तिच्या वडलांच्या वयाची माणसंसुद्धा. चित्रावरचा कागद सोडून तिने ते दोन्ही हातांनी लांब धरलं.

"काय आहे हे?" तिने नवऱ्याला विचारलं.

त्याने मान तिरकी करून पाहिलं. "पायऱ्या दिसतायत. पुढे पाणी असावं. आणि संध्याकाळ झालीय."

"आणि माणसं?"

"गेली असतील घरी जेवायला."

खाली नावगाव काही नव्हतं. वहिनीने इस्त्रीच्या टेबलासमोरची भिंत पुसून चित्र तिथे टांगलं आणि कामाला लागली.

इस्त्री करताना हात आपले आपण चालतात. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या. इतकी वर्षं डोळ्यांना समोर चुना उडालेली भिंत होती, आता पायऱ्या होत्या. फळीवरचा रेडिओ हळू आवाजात गात असायचा, ओल्या कापडावर इस्त्री टेकली की फुस्सकन वाफ उठायची, आणि वाफेआड ते पाणी हलल्यासारखं वाटायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वहिनी उभ्या उभ्या तिथे जाऊन यायची. पायरी पायाला गार लागायची. पाण्यावरून कुणाच्या तरी गप्पा अस्पष्ट ऐकू यायच्या. एकदा ती अशी गेली ती एका साहेबांच्या पँटला दोन घड्या पाडूनच परतली.

"लक्ष कुठे असतं हल्ली?" नवरा म्हणाला.

"इथेच तर आहे," ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते खरं वाटलं नाही.

मग एका दुपारी ऊन काचेच्या दारातून आडवं आत आलं आणि थेट चित्रावर पडलं. वहिनीने इस्त्री उभी करून ठेवली. मधल्या पायरीवर निळा रंग जाड होता. अस्तराखालची शिवण वरून बोटाला लागावी, तशी त्या रंगाखाली कसलीतरी कड होती. तिने कडेवरून नुसती नजर फिरवली. खांदा. मान. मोकळे केस. ऊन सरकलं आणि पायरी पुन्हा रिकामी झाली.

ती कुणाला काही बोलली नाही. पण रेडिओताई माईक घेऊन दुकानोदुकानी फिरत फिरत लाँड्रीत आली, तेव्हा तिला राहवलं नाही.

"मला काय कळतंय बाई चित्रातलं," ती आधी म्हणाली.

"तुम्हाला काय दिसतं, तेवढंच सांगा. सगळे ऐकतायत."

वहिनीने पदराला हात पुसले. "एक बाई बसलीय तिथे. आपल्याकडे पाठ करून. नुकतीच न्हायलीय, केस वाळवत बसलीय. तिला उठायची घाई नाही. कुणी हाक मारली तरी ती लगेच नाही उठायची, असं वाटतं बघून."

त्या संध्याकाळी रस्ताभर थट्टा झाली. "वहिनी, वाफ डोक्यात गेली वाटतं!" चांभार समोरून ओरडला. वहिनीही हसली, पण तिला जरा लागलं.

दुसऱ्या दिवशी दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारणारी, सगळ्यांची नंबरवाली, आली. पेशंटांना ती अशी हाक मारायची, की दुखरा दात जागच्या जागी गप्प व्हायचा. वहिनी घाईघाईने तिचे कपडे शोधू लागली.

"कपडे नाही टाकलेत मी," नंबरवाली म्हणाली. "ते चित्र माझं आहे."

नवरा हँगर हातात धरून तसाच उभा राहिला.

"आई होती माझी," ती चित्राकडे बघत म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता. "ती गेल्यावर काढायला घेतलं. तिचा चेहरा काही केल्या जमेना. दुसरीच कुणीतरी बाई बघायची माझ्याकडे. शेवटी चिडून निळा फासला वरून. कुणालाच माहीत नव्हतं हे. काल दवाखान्यात रेडिओ चालू होता आणि तुम्ही म्हणालात, पाठ करून बसलीय."

"चुकलं का माझं?"

"नाही हो. ती रोज अशीच बसायची. दाराकडे पाठ करून, केस सोडून. मी मेली चेहऱ्याच्या मागे लागले. पाठ काढायचं सुचलंच नाही मला."

वहिनीने स्टूल पुढे सरकवलं. "दुपारी ऊन येतं तेव्हा दिसते ती. तेव्हा येत जा. रंग इथेच आणा."

नंबरवाली जेवणाच्या सुट्टीत येऊ लागली. इकडे इस्त्री फिरायची, तिकडे ब्रश. दोघी फारसं बोलायच्या नाहीत. कपडे न्यायला आलेली माणसं न सांगता आवाज खाली आणायची आणि पावती हातात घेऊन रेंगाळायची. चांभारसुद्धा एकदा येऊन दारातच उभा राहिला, आणि थट्टा न करता परत गेला. हळूहळू निळ्यातून एक पाठ वर आली, ओले केस आले, मानेवर सांजेचा थोडासा उजेड आला.

हॉल दुरुस्त झाला, बाकीची चित्रं तिकडे परत गेली. हे मात्र नंबरवालीला घरी न्यायचं होतं. वहिनीने धुतलेली एक चादर काढली, इस्त्री करून गरम गरमच चित्राभोवती गुंडाळायला घेतली.

"नको, गुंडाळू नका," नंबरवाली म्हणाली. "दिसू दे तिला रस्ता."

नवऱ्यावर दुकान सोपवून दोघींनी चित्र दोन बाजूंनी धरलं. दिवे लागायची वेळ होती. बेकरीवाल्याने हात थांबवला, सायकली बाजूला झाल्या, आणि भर रहदारीतून निळं पाणी आणि त्याच्या काठी बसलेली ती बाई सावकाश पुढे जात राहिली.